वाढत्या अंगाची सायकल

मराठी मध्यमवर्गीय घरात मुलांसाठी विकत घ्यावयाची प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची घ्यावी, हा दंडक कोणत्याही स्मृतिग्रंथात लिहिलेला नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने पाळला गेला आहे. जून महिन्यात गणवेश शिवून घेताना शिंप्याकडून चार बोटे जादा दुमड ठेवून घेणे, नव्या बुटांच्या टोकांत कापूस कोंबणे, थोरल्याचा स्वेटर धाकट्याच्या गुडघ्यांना टेकत असला तरी "पुढच्या थंडीला बरोब्बर होईल" असे म्हणून तो त्याच्या अंगात चढविणे, या काटकसरीने आजवर कोणाचे वाईट झाल्याचे ऐकिवात नाही. किंबहुना कित्येक घरांतून मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघाला तो अशाच दुमडींतून निघाला, असे म्हणावयास हरकत नाही. सायकलीच्या बाबतीतही हाच न्याय लावला गेला. वडिलांच्या काळ्या, उंच सायकलीच्या दांड्याखालून एक पाय घालून, आपला आणि सायकलीचा तोल परस्परविरुद्ध दिशांना झुकवीत अर्धे पायडल मारणारी मुले एके काळी पुण्याच्या प्रत्येक पेठेत दृष्टीस पडत, आणि गुडघे-कोपरे फुटण्यापलीकडे त्यांचे सहसा काही बिघडत नसे. ते बिघडत नसे याचे श्रेय त्या सायकलीच्या मापाला नव्हते. पेठेतला रस्ता सपाट होता, रहदारी तुरळक होती आणि अर्ध्या पायडलाने गाठता येणारा वेग यथातथाच होता, म्हणून ते निभावून जाई.

तीच वाढत्या अंगाची सायकल आता टेकडीवर जाऊ लागली आहे.

कोथरूड, पाषाण, गोखलेनगर आणि विधी महाविद्यालयाचा रस्ता अशा गजबजलेल्या वस्त्यांच्या मधोमध उभी असलेली, सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी ही पुणे शहरातील सर्वांत उंच जागांपैकी एक होय. रविवारी सकाळी तेथे फिरावयास येणाऱ्यांत काठी टेकीत चालणारे सेवानिवृत्त असतात, पळणारे तरुण असतात, मोरांचे फोटो काढणारे असतात, आणि अलीकडे जाड टायरांच्या, गिअरच्या सायकली घेऊन आलेली सात ते बारा वर्षांची मुले व त्यांच्यामागे धापा टाकणारे त्यांचे आईबाप असतात. मुले टेकडीवर येतात ही गोष्ट मला मनापासून आवडते. ज्या मुलाला उतार, दगड, झाडाचे मूळ आणि स्वत:चे भय यांची ओळख बालपणी झाली, त्याला पुढे पुष्कळ गोष्टींचे भय वाटेनासे होते, असा माझा समज आहे. आणि मुलांना या वाटांवरून हुसकावून लावावे या मताचा मी मुळीच नाही. परंतु टेकडीची जमीन ही पेठेची जमीन नव्हे. येथला काळा कातळ झिजून जो मुरूम होतो तो उतारावर सुटा पडून राहतो, आणि त्यावर ब्रेक लावला की चाक थांबते, पण खालचे खडे फिरतात व सायकल पुढे जातच राहते. श्रावणात याच वाटेवरचे खडक शेवाळलेले असतात, ऑक्टोबरात चिखल वाळून त्यात चाकोऱ्यांचे कडक चर पडलेले असतात, आणि उन्हाळा लागला की सगळ्यावर मुरुमाचा थर पसरतो. त्यामुळे जी वाट मूल दिवाळीत बिनघोर उतरले, तीच वाट एप्रिलमध्ये त्याला ओळख देत नाही.

अशाच एका उतारावर नऊएक वर्षांचा एक मुलगा २६ इंची चाकांची सायकल घेऊन आला होता. सपाटीवर तो ती झोकात चालवीत होता. उतार सुरू झाल्यावर मध्येच त्याला थांबावेसे वाटले, त्याने ब्रेक दाबले, सायकल मंदावली, आणि पाय टेकावयास त्याने तो खाली नेला, तेव्हा जमीन त्याच्या पायाला सापडलीच नाही. सायकल कलली, दांडा मांडीला लागला आणि दोघे आडवे झाले. मुलाने रडण्यापूर्वी आपल्याला कोणी पाहिले काय याची चौकशी केली, आणि वरून वडिलांचा "काही नाही झालं, ऊठ!" हा निर्वाळा आला. खरोखरच काही झाले नव्हते. तथापि, त्या पडण्यात उताराचा दोष नव्हता, मुलाचा तर नव्हताच. दुकानात, पैसे मोजतानाच तो अपघात घडून गेला होता, उतारावर त्याची फक्त तामिली झाली.

डोंगरी वाटेवर चालवावयाच्या सायकलीचे माप वयावरून ठरत नाही. ते मुलाच्या पायांच्या लांबीवरून ठरते. भिंतीला पाठ लावून मुलाला उभे करावे, दोन पायांमध्ये एक पुस्तक वरपर्यंत सरकवून जमिनीपासूनची उंची मोजावी, आणि दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकून मूल सायकलीवर उभे राहिले असता वरच्या दांड्यामध्ये व त्याच्यामध्ये निदान दोन इंचांचे अंतर मोकळे राहील अशीच सायकल घ्यावी, हा साधा हिशेब आहे. वजनाचा हिशेब तर कोणीच करीत नाही. लोखंडी चौकट, शोभेपुरती स्प्रिंग आणि भपकेदार रंग असलेली मुलांची 'डोंगरी' सायकल पंधरा-सोळा किलो सहज भरते, आणि ती चालविणारी आठ वर्षांची मुलगी असते पंचवीस किलोच्या आतबाहेर. सत्तर किलोच्या बापाला याच प्रमाणाने बेचाळीस किलोची सायकल देऊन टेकडीवर धाडले, तर तो पहिल्या वळणावर काय म्हणेल, ते येथे छापण्याजोगे असणार नाही.

कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीत सायकलदुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. मालकांनी साठी ओलांडली आहे आणि गिऱ्हाइकाचे ऐकून घेतानाही त्यांचे हात चाकाचा आउट काढण्यात गुंतलेले असतात. एक गृहस्थ आपल्या मुलीची सायकल टेकडीसाठी 'तयार' करून घ्यावयास आले होते. मालकांनी सायकलीकडे न पाहता प्रथम मुलीला तीवर बसविले आणि ब्रेक दाबावयास सांगितले. तिची बोटे ताणून ताणून लिव्हरच्या टोकाशी कशीबशी पोचत होती; पंजा मुठीवरून सुटल्याखेरीज तिला ब्रेक दाबता येत नव्हता, म्हणजे ज्या क्षणी हँडल घट्ट धरावयाचे नेमक्या त्याच क्षणी तिला ते सोडावे लागणार होते. त्यांनी खिशातून एलन की काढली, लिव्हरच्या बुडाशी असलेला बारीकसा स्क्रू चार फेरे आत घेतला, वायर सारखी केली आणि म्हणाले, "आता एका बोटानं दाब बघू, बाळ." तर्जनीचे पहिले पेर लिव्हरवर बसले आणि चाक थांबले. हा स्क्रू बहुतेक बऱ्या सायकलींना असतो, आणि तो कशासाठी आहे हे बहुतेक घरांत ठाऊक नसते. गृहस्थांनी विचारले, "सीट थोडी वर घेतली तर पुढची दोन वर्षं निघतील ना हिच्यावर?" मालक म्हणाले, "साहेब, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. पोरगी या रविवारी उतरणार आहे."

ब्रेकला एवढे महत्त्व देण्यास ऐतिहासिक आधार आहे. डोंगरी सायकलस्वारीची ही क्रीडा ज्या ठिकाणी रूपास आली, त्या कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरी वाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही उनाड तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या, कोठल्या तरी अडगळीतून काढलेल्या सायकलींची उतारशर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट खाली येणारी ती वाट होती, आणि त्या सायकलींना पायडल उलटे मारून लावावयाचा, मागच्या चाकाच्या हबमध्ये असलेला एकच ब्रेक होता. तळाशी पोचेपर्यंत हबमधले ग्रीस जळून त्याचा धूर निघे, आणि पुन्हा उतरावयाचे तर हब खोलून ताजे ग्रीस भरावे लागे. त्या भरण्यावरूनच शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही या मंडळींतील नावे पुढे प्रसिद्धीस आली, आणि ब्रीझने १९७७ साली खास या कामासाठी सांगाडा घडविला. तोपर्यंत या मंडळींनी मोटारसायकलींच्या लिव्हर आणि ड्रमब्रेक आपल्या सायकलींना जोडून पाहिले होते. पुढे वीस वर्षांच्या आत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या क्रीडेला प्रवेश मिळाला. ज्या बेफिकीर तरुणांनी ती सुरू केली त्यांनादेखील ब्रेकची तजवीज आधी करावीशी वाटली, आपल्याकडे मात्र सायकल घेताना बाप विचारतो, "गिअर किती आहेत?"

ब्रेक हाताला पोचल्यावर तो वापरावयास शिकवावे लागते, आणि हे शिक्षण टेकडीवर न देता घराजवळच्या मैदानावर द्यावयाचे असते. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. थांबविण्याचे बहुतांश काम पुढचे चाक करते, कारण ब्रेक लागताच सारा भार पुढे सरकतो. परंतु तोच ब्रेक उतारावर एकदम आवळला तर मागचे चाक उचलले जाऊन मूल हँडलावरून पलीकडे जाते, आणि या भीतीने ज्याला फक्त मागचा ब्रेक वापरावयास शिकविले, ते मूल मुरुमावर घसरत राहते. यास्तव दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हळूहळू, वळणाच्या आधी लावावे आणि वळणात शिरताना सैल सोडावे. उतारावर सीटवरून उठावे, दोन्ही पायडले आडव्या रेषेत ठेवावी, गुडघे व कोपरे सैल ठेवावे, आणि दृष्टी चाकापुढच्या दगडावर न ठेवता पुढच्या वाटेवर ठेवावी, कारण मूल ज्या दगडाकडे टक लावून पाहते त्याच दगडावर जाऊन आदळते. वेग दुप्पट झाला की थांबण्याला लागणारे अंतर चौपट होते, हे मुलाला गणिताने पटत नाही. मैदानावर चुन्याची रेघ मारून तेथून ब्रेक लावावयास लावले, की ते आपणहून पावले मोजून पाहते.

ज्यांचे अद्याप तोलाशीच भांडण चालले आहे अशा अगदी लहानग्यांना बाजूची आधाराची चाके लावण्याची रीत आहे. ती मला पसंत नाही. त्या चाकांनी मूल पायडल मारावयास शिकते, पण तोल सावरावयास शिकत नाही, आणि असमान जमिनीवर तीच चाके अडून सायकल उलथते. ज्या १८१७ सालच्या नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची गाठ पडली, त्याच सालच्या १२ जूनला जर्मनीत मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने आपले दुचाकी धावयंत्र प्रथम रस्त्यावर आणले. त्याला पायडले नव्हती. पायांनी जमीन रेटीत तोल सांभाळावयाचा, एवढेच त्याचे शास्त्र होते. लहान मुलाच्या सायकलीची पायडले पान्याने काढून टाकली आणि सीट पाय टेकतील इतकी खाली आणली, की तेच यंत्र फुकटात तयार होते.

आता थोडे अप्रिय विषयाकडे वळले पाहिजे. सायकलीवरून पडलेल्या मुलाला आपण तीन प्रश्न विचारतो: डोक्याला लागले काय, हात हलतो काय, रक्त आले काय. चौथा प्रश्न, म्हणजे हँडल पोटाला लागले काय, हा सहसा कोणी विचारीत नाही, आणि जाणत्या डॉक्टरांना मोठी धास्ती असते ती याच गोष्टीची. मूल वेगात नसते, पडणे मामुली दिसते. पण तोल जाताना पुढचे चाक आडवे वळते, हँडलाचे टोक मुलाच्या दिशेने उभे राहते आणि देहाचा सगळा भार त्या इंचभर टोकावर येतो. आत यकृत आहे, प्लीहा आहे, आणि पाठीच्या कण्यावर आडवे पडलेले स्वादुपिंड व लहान आतड्याचा प्रारंभीचा भाग आहे, जे त्या दाबाखाली कण्यावर चिरडले जातात. बाहेर कातडीवर एक गोल वळ उमटतो किंवा तोही उमटत नाही. मूल घरी येते, खेळते, जेवते आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पोट धरून ओकू लागते. तोपर्यंत सकाळच्या पडण्याचा सर्वांना विसर पडलेला असतो. फिलाडेल्फियातील बालरोगतज्ज्ञ फ्लॉरा विन्स्टन व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली या दुखापतींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात हँडलांना 'दडलेले भाले' म्हटले आहे. म्हणून पडलेल्या मुलाचा सदरा वर करून पोट पाहावे. वळ असला, दाबल्यावर दुखत असले, मूल फिकट पडले किंवा ओकू लागले, तर थेट मोठे इस्पितळ गाठावे, आणि तेथे "सायकलवरून पडला" एवढ्यावर न थांबता "हँडल पोटात लागले" हे शब्द स्पष्ट उच्चारावे, कारण तपासणीची दिशा त्या शब्दांनी बदलते. आणि या सगळ्याच्या आधी, हँडलाच्या दोन्ही टोकांवरची रबरी ग्रिप फाटून आतली नळी उघडी पडलेली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. ग्रिपची जोडी शंभर-दीडशे रुपयांना मिळते. दर रविवारी टेकडीवर उघड्या नळ्यांच्या सायकली मी पाहतो, आणि अनोळखी बापांना थांबवून हे सांगण्याचा आगाऊपणा करतो.

हाताची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. पडताना मूल पंजे पुढे टेकते. त्यामुळे मनगटाजवळचे हाड आणि लहान वयात कोपराच्या वरचे हाड मोडण्याचे प्रकार अधिक होतात. कोवळे हाड पुष्कळदा पूर्ण न मोडता एका बाजूने चिरून वाकते आणि लवकर सांधते, ही निसर्गाची कृपा होय. परंतु हाडाच्या टोकाशी त्याची वाढ जेथून होते असा एक कूर्चेचा थर असतो, आणि इजा त्या थरात शिरली तर हात पुढे वाकडा किंवा आखूड राहू शकतो. टोरोंटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या शल्यविशारदांनी १९६३ साली अशा इजांचे जे वर्गीकरण केले ते आजही वापरात आहे. तात्पर्य एवढेच, की सुजलेले मनगट 'मुरगळले असेल' म्हणून हळद लावून झाकून ठेवू नये, क्ष-किरण फोटो काढावा.

हेल्मेटविषयी लोकांच्या दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना ते थोतांड वाटते, तर काहींना ते डोक्यावर चढविले म्हणजे मूल चिरंजीव झाले असे वाटते. युरोपीय मानकाप्रमाणे सायकलीचे हेल्मेट सपाट लोखंडावर ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आपटून पाहतात, म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीवरून डोके खाली पडावे इतपत आघाताची त्याची कसोटी असते. सायकलीवरून कोलमडणाऱ्या मुलाला ते पुष्कळ आहे. कड्यावरून जाणाऱ्याला नाही. सिएटलमधील संशोधकांनी १९८९ साली हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असा निष्कर्ष काढला होता. पुढच्या अभ्यासांत तो आकडा खाली आला, पण हेल्मेट घालावे की नाही याबद्दलचा निवाडा फिरला नाही. आतला पांढरा फेस एकदाच चिरडून आघात शोषतो, यास्तव जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे. ते कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसले पाहिजे. मागे ढकललेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. वाढत्या अंगाचे हेल्मेट तर घेऊच नये, कारण ते पहिल्या धक्क्यालाच फिरून बाजूला होते. आणि सायकल उभी करून मूल झाडावर किंवा घसरगुंडीवर चढू लागले की ते आठवणीने काढून ठेवावयास सांगावे. फांदीत अडकलेल्या हेल्मेटचा पट्टा गळ्याला फास लावतो, आणि म्हणून युरोपात लहानग्यांच्या हेल्मेटचे बक्कल ओढ बसताच आपोआप सुटेल असे करण्याचे वेगळे मानक आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मोटारसायकलस्वारांपुरते आहे. सायकलस्वार मुलाच्या डोक्याविषयी सरकारचा हुकूम नाही, तेव्हा तो घरातूनच निघाला पाहिजे.

परदेशांतील कित्येक सायकलवाटांवर पाट्या असतात: हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. आमच्या टेकडीवर अशी पाटी नाही. तेथे एकच पद्धत लागू पडते, ती म्हणजे ज्या वाटेने मूल उतरणार ती मोठ्या माणसाने त्याच आठवड्यात पायी चालून पाहावी, आणि मुलालाही एकदा सायकल हातात धरून चालवीत न्यावे. पाण्याने भरलेली जुनी दगडखाण टेकडीवर आहे. तिच्या काठाकडे उतरणारी कोणतीही वाट, कितीही सोपी असो, मुलांसाठी वर्ज्य समजावी. दोन मोठी माणसे असतील तर एकाने पुढे राहून वेग ठरवावा व दुसऱ्याने मागे राहावे. एकच असेल तर त्याने पुढे राहावे, कारण मागून ओरडलेल्या सूचना वाऱ्यावर जातात. चाकांत हवा ठासून भरू नये. पेट्रोलपंपावर भरलेले टणक टायर दगडावरून उसळतात. हलक्या मुलाला वीस-पंचवीस पौंड हवा पुरते आणि तेवढीच जमीन धरून ठेवते. झटपट उघडणाऱ्या लिव्हरची चाके असतील तर ती निघण्यापूर्वी घट्ट आहेत ना हे पाहावे. २०१५ साली ट्रेक कंपनीला एकट्या अमेरिकेतून सुमारे नऊ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, त्या ही लिव्हर सैल राहून पुढच्या डिस्कब्रेकमध्ये अडकत असे म्हणून.

टेकडीवर चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा कज्जा जुना आहे. "ही काय शर्यतीची जागा आहे का हो?" असे विचारणारे आजोबा मला भेटले आहेत, आणि माझा कौल त्यांच्या बाजूने आहे. त्या वाटा पायांनी पडलेल्या आहेत. वहिवाट चालणाऱ्याची, आणि सायकलने थांबून वाट द्यावयाची. मुलाला हे शिकविले म्हणजे ते आपोआप आंधळ्या वळणावर वेग कमी करते, आणि याहून स्वस्त सुरक्षिततेचा उपाय माझ्या माहितीत नाही.

मापाची सायकल घ्यावयाची म्हणजे दर दोन वर्षांनी नवी घ्यावयाची, आणि ते परवडावयाचे कसे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. कोथरूडच्या एका सोसायटीने त्याचा निकाल आपल्यापुरता लावला आहे. तेथे १६, २० आणि २४ इंची सायकली एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात. वॉचमनच्या खोलीत त्यांची एक नोंदवही आहे, तीत सायकल कोणाकडून कोणाकडे गेली, तिचे ब्रेकरबर केव्हा बदलले, ग्रिप केव्हा बसविल्या, याच्या तारखा आहेत, आणि घेणाऱ्याने दुरुस्तीचे पैसे भरावयाचे असतात. हेल्मेटला त्या वहीत जागा नाही. ते आधीच्या मुलाच्या डोक्यावर असताना कोठे आपटले याचा दाखला कोणी देऊ शकत नाही, म्हणून ते ज्याचे त्याने, आजच्या मापाचे, नवे घ्यावे, असे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवले आहे.